हवेचा जमाखर्च

वर्तमानपत्राच्या कागदावर दोन सेन्सर शेजारी शेजारी ठेवले होते. एक अकरा हजारांचा, तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला. दुसरा आठ वर्षं माझ्या गाडीत राहिलेला आणि खराब म्हणून काढून टाकलेला. कात्रजच्या पुढच्या अण्णांच्या गॅरेजात नुकतंच झाडून पाणी मारलं होतं. अण्णांच्या भाचीनं जुना सेन्सर गाडीतल्या वायरच्या कपलरला जोडला, चावी फिरवली पण स्टार्टर मारला नाही, मल्टिमीटरच्या पिना वायरला लावल्या आणि आकडा मोठ्यानं वाचला, "एक पॉइंट शून्य एक." मग नवा जोडला. "एक पॉइंट शून्य शून्य."

अण्णांनी हात पुसले. "ताई, हवा हलत नसेल तेव्हा ह्या जातीच्या सेन्सरनं एक व्होल्ट सांगायचा असतो. दोघंही तेच सांगतायत. जुना गेलाय असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला ज्यांनी सांगितलं होतं त्यांचं वर्कशॉप मोठं होतं. काचेची केबिन, चहा, छापील चिठ्ठी, सगळं होतं. गाडीची तक्रार मी तिथे नीट सांगितली होती. साताऱ्याला जाताना शिरवळ सोडलं, खंबाटकीचा चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीनं ओढ घेणं सोडलं. आरशात मागे काळ्या धुराचा पट्टा दिसत होता. मागचा ट्रकवाला दिवे मारत होता. पिवळा इंजिन लाइट लागला आणि त्यानंतर गाडी अडीच हजार आरपीएमच्या वर जायलाच तयार नव्हती. घाटमाथ्यावर बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर शहाण्यासारखी चालली. उतारावर काहीच त्रास नाही. परत येताना रस्ता बोगद्यातून येतो, तिथेही नाही. मात्र पुढच्या प्रत्येक चढाला तेच.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी-०१०१. चिठ्ठीवर त्याचं नाव छापून आलं, 'मास एअर फ्लो सेन्सर'. सेन्सर बदलला, कोड उडवला, बिल दिलं. चार दिवस गाडी छान चालली. पाचव्या दिवशी कात्रजच्या जुन्या घाटात पिवळा लाइट पुन्हा लागला.

हा लेख त्या लाइटबद्दल आहे. तो लागतो तेव्हा गाडी नेमकं काय म्हणत असते, ते आपल्याकडे किती कमी लोक ऐकतात, आणि जे ऐकतात ते कसं ऐकतात, हे मी गेल्या काही महिन्यांत अण्णांच्या गॅरेजात बसून पाहिलं. ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी सेन्सरबद्दल. एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणाऱ्या नळीत, टर्बोच्या अलीकडे, हा बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा खोचलेला असतो. त्याच्या टोकाला एक बारीक खिडकी असते आणि खिडकीच्या आत नखाच्या टोकाएवढी पातळ पट्टी. ही पट्टी विजेनं गरम ठेवलेली असते. हवा वाहू लागली की ती पट्टी गार करू पाहते. बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा निवतो, तसंच. पट्टी निवू नये म्हणून तिला वीज जास्त पुरवावी लागते, आणि किती जास्त पुरवावी लागली यावरून किती हवा गेली ते कळतं. १९१४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई व्हेसो किंग यांनी तापलेल्या बारीक तारा आणि वारा यांचं गणित मांडलं. वारा चौपट झाला तर त्यानं पळवलेल्या उष्णतेचा भाग चौपट होत नाही, साधारण दुप्पट होतो, असं त्या गणितातून निघतं. म्हणून या सेन्सरला मंद हवेतला फरक ठळक कळतो आणि जोराच्या हवेतला फरक बारीक होत जातो. धूळ बसलेला सेन्सर चढावरच जास्त का चुकतो, याचं एक कारण इथे आहे.

ही पट्टी गाड्यांत यायला बराच काळ जावा लागला. बॉश कंपनीची १९६७ची डी-जेट्रॉनिक यंत्रणा नळीतला दाब मोजून हवेचा अंदाज घ्यायची. सत्तरच्या दशकात एल-जेट्रॉनिक आली, तिच्यात हवेनं ढकललं जाणारं एक झाकण होतं आणि ते किती उघडलं यावरून आकडा काढायचा. पण झाकणाला हवेचं आकारमान कळतं, वजन कळत नाही. अलिबागच्या किनाऱ्यावरची एक लिटर हवा आणि महाबळेश्वरची एक लिटर हवा आकारानं सारखी, वजनानं नाही. इंधन जळायला लागतो ऑक्सिजन, तो हवेच्या वजनात सुमारे २३ टक्के असतो, त्यामुळे इंजिनाला वजनाशी देणंघेणं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एलएच-जेट्रॉनिकमध्ये प्लॅटिनमची तापलेली तार आली आणि गाडी पहिल्यांदा हवा तोलायला शिकली. त्या तारेवर घाण साचू नये म्हणून इंजिन बंद केल्यावर ती क्षणभर सुमारे हजार अंशांपर्यंत तापवून मळ जाळून टाकायचे. आताच्या पट्ट्यांना तशी सोय बहुधा नसते. त्यांच्यावरची धूळ राहते.

पेट्रोल गाडीत या आकड्यावर इंधन ठरतं, १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा. डिझेलमध्ये त्याचं काम वेगळं. धूर होणार नाही एवढंच इंधन सोडायचं, ती मर्यादा या आकड्यावरून ठरते. शिवाय जळून बाहेर पडलेल्या वायूचा काही भाग परत आत घेतात, त्याला ईजीआर म्हणतात. तो किती घ्यायचा तेही याच आकड्यावरून ठरतं. परतीचा वायू जागा अडवतो म्हणून ताजी हवा कमी येते, आणि किती कमी आली ते सेन्सर सांगतो.

हे सगळं अण्णांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "ताई, हा सेन्सर म्हणजे जकात नाका."

जकात होती तेव्हा ज्यांनी पुण्याच्या वेशीवर ट्रकांच्या रांगा पाहिल्यात त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. नाका फक्त नाक्यावरून गेलेला माल मोजतो. कुणी मागच्या शेतातल्या वाटेनं शहरात शिरला, तर माल बाजारात आहे पण वहीत नाही. नाका ओलांडल्यावर ट्रकमधून दोन पोती रस्त्यात पडली, तर वहीत आहेत पण बाजारात नाहीत. दोन्ही वेळेला बाजाराचा आणि नाक्याचा हिशेब जुळत नाही, आणि दोन्ही वेळेला दोष नाक्यावरच्या कारकुनाचा नसतो.

टर्बो गाडीत हे दोन प्रकार स्वच्छ वेगळे दिसतात, कारण टर्बो मध्ये बसलेला असतो. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीत हवा ओढली जाते, तिथे फट असेल तर बाहेरची न मोजलेली हवा आत शिरते. टर्बोच्या पुढे, हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये, हवा दाबाखाली असते. तिथे फट असेल तर मोजलेली हवा बाहेर पडते. त्यातही गंमत अशी की दाब फक्त ताण आल्यावर तयार होतो. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, टर्बो हळू फिरतो, फट मिटलेली राहते, गाडी निर्दोष. म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर उभ्या असलेल्या गाडीत हा दोष सापडणारच नाही. तो चढावरच राहतो.

पी-०१०१ या कोडचा नेमका अर्थ असा की सेन्सरचा आकडा अपेक्षेत बसत नाही. सेन्सर मेला असा नाही. वायर तुटली, व्होल्टेज शून्याला टेकलं तर पी-०१०२ येतो. फार चढलं तर पी-०१०३. पण पी-०१०१ येतो तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्या बाजूनं हिशेब केलेला असतो. आरपीएम, इनटेकमधला दाब आणि तापमान घेऊन त्यानं हवा किती असायला हवी ते काढलं, सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहिलं, आणि तफावत दिसली. कोण चूक ते त्याला माहीत नाही. त्यानं ज्याचा आकडा पटत नाही त्याचं नाव लिहिलं, एवढंच. भारतात भारत स्टेज-४च्या गाड्यांना २०१३पासून ही स्वतःच्या तपासणीची पूर्ण यंत्रणा सक्तीची झाली, अमेरिकेत ती १९९६पासून होती. म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या आता ही तक्रार लिहून ठेवतात. तक्रारीतलं नाव वाचून त्या नावाचा पार्ट बदलणं ही मात्र आपण लावून घेतलेली सवय आहे, यंत्रणेनं तसं कुठेच सांगितलेलं नाही.

मी अण्णांना म्हटलं, "पण त्यांनी कपलर काढून बघितला होता माझ्यासमोर. कपलर काढल्यावर धूर कमी झाला. म्हणून सेन्सर खराब, असं म्हणाले."

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. भाचीनंच सांगितलं. आयटीआय करून ती मामाकडे आली त्याला चार वर्षं झाली. स्कॅनर, टॅब्लेट, आकडे हे सगळं तिच्याकडे. "मॅडम, कपलर काढला की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, हवेचा आकडा मिळत नाही. मग तो स्वतःकडचा ठरीव आकडा धरतो आणि इंधन कमी सोडतो. इंधन कमी, म्हणून धूर कमी. सेन्सर खराब असला तरी कमी होणार, नळी फुटली असली तरी कमी होणार. ही टेस्ट दोन्हीकडे होच म्हणते."

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. अकरा हजारांपेक्षा त्या टेस्टचं वाईट वाटलं. ती माझ्या डोळ्यांसमोर झाली होती, पुरावा म्हणून झाली होती, आणि मी मान डोलावली होती. कपलर काढून बघण्याची युक्ती सगळीकडे चालते, आणि ती निरुपयोगी नाही. कपलर काढल्यानं काहीच फरक पडला नाही तर सेन्सरच्या आकड्याला गाडी आधीच जुमानत नव्हती का, असा विचार तिथून सुरू करता येतो. पण फरक पडला म्हणून सेन्सर दोषी ठरवायचा, हे चुकीचं आहे, आणि यात किती चांगले सेन्सर भंगारात जात असतील ते पार्टच्या दुकानाबाहेरच्या खोक्यात बघावं.

त्या दिवशी अण्णांनी सेन्सर बाजूला ठेवला आणि साक्ष दुसऱ्याकडून काढायला सुरुवात केली.

पहिली परीक्षा बिनखर्चाची होती आणि मला तीच सगळ्यांत आवडली. इंजिन बंद, चावी चालू. अशा वेळी इनटेकमधला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब एकच असायला हवा, कारण नळीत काहीच हलत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. टॅब्लेटवर दोन्ही सेन्सर ९५ दाखवत होते. म्हणजे दाबाचा साक्षीदार खरं बोलणारा. त्याच्या शब्दावर पुढचा हिशेब करता येईल.

दुसरी परीक्षा आयडलवर. भाचीनं वहीत गणित मांडलं. ती वही मी मागून घेऊन नीट पाहिली. दोनशे पानी, रेघांची, प्रत्येक गाडीला एक पान. माझी डिझेल गाडी दीड लिटरची, चार सिलिंडरची, म्हणजे एका सिलिंडरमध्ये ३७५ घन सेंटिमीटर. पुण्याच्या दाबाला आणि तीस अंशांना एक घन सेंटिमीटर हवेचं वजन सुमारे १.०९ मिलिग्रॅम. गुणाकार केला की ४०९. सिलिंडर कधी शंभर टक्के भरत नाही, अण्णांचा अनुभव ८८ टक्क्यांचा, म्हणजे ३६० मिलिग्रॅम. ईजीआर चालू असताना सेन्सर २३०च्या आसपास होता. स्कॅनरवरून ईजीआर बंद केला तशी हवा वाढत जाऊन ३५६वर थांबली. गणित ३६०, सेन्सर ३५६. कारकून प्रामाणिक होता. जुना सेन्सर लावून पुन्हा पाहिलं, ३५३. तोही प्रामाणिक.

तिसरी परीक्षा रस्त्यावर. कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघालो. गाडी अण्णांनी घेतली, भाची मागच्या सीटवर टॅब्लेट मांडीवर घेऊन, मी पुढे. चढ लागल्यावर त्यांनी तिसरा गिअर टाकला, दीड हजार आरपीएमला पाय पूर्ण दाबला आणि तसाच धरून ठेवला. आरशात धूर आला. मीही आता खिडकी खाली करून ऐकत होते. इंजिनाच्या आवाजाखाली एक हलकी शीळ होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निसटते तशी. इतके दिवस मी काच बंद करून एसी लावून चालवत होते.

२८०० आरपीएमला पिवळा लाइट लागला. रेकॉर्डिंग थांबवलं. परत येऊन तो एक क्षण वहीत उतरवला. कॉम्प्युटरनं मागितलेला दाब २.२ बार, बाहेरच्या हवेसकट धरून. मिळालेला दाब १.७५. तापमान ४५ अंश. या दाबाला एक घन सेंटिमीटर हवा सुमारे १.९२ मिलिग्रॅम. ३७५नं गुणून ७१९, त्याचे ८८ टक्के म्हणजे ६३३ मिलिग्रॅम. सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी एवढी हवा पोचत होती. सेन्सर सांगत होता ७९०.

१५७ मिलिग्रॅम कुठे गेली? चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला दोनदा हवा भरली जाते, म्हणजे २८०० आरपीएमला मिनिटाला ५६०० वेळा. गुणाकार करून भाचीनं खाली रेघ मारली. मिनिटाला ८७९ ग्रॅम. जवळजवळ आठशे लिटर हवा दर मिनिटाला नाक्यावर नोंदली जात होती आणि बाजारात पोचत नव्हती. कॉम्प्युटर ७९०च्या हिशेबानं डिझेल सोडत होता, जळायला हवा होती ६३३ची. उरलेलं डिझेल माझ्या मागे काळं होऊन उडत होतं.

आता फट शोधायची. अण्णांनी फिल्टरचा डबा आणि सेन्सर काढून टर्बोच्या तोंडाची नळी मोकळी केली आणि तिच्यात पीव्हीसी पाईपचं एक टोपण बसवलं. टोपणाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल बसवलेला, त्याला कॉम्प्रेसरची नळी. हे हत्यार त्यांनी स्वतः केलेलं आहे. इंजिनाच्या पोटातली वाफ जिथून इनटेकला येते ती रबरी नळी त्यांनी आधी चिमट्यानं बंद केली, नाहीतर दाब इंजिनाच्या पोटात जाऊन ऑइल सील फोडतो. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. कुणी वाचून घरी करायला जाईल तर हे विसरू नये, म्हणून मीही लिहून ठेवते.

पाच पौंड हवा सोडली. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, प्रत्येक क्लॅम्पवर ब्रशनं लावलं. काहीच नाही. सात पौंड, काही नाही. मी थोडी निराश झाले होते. दहा पौंडाला खालून कुठून तरी शीळ आली. अण्णा गाडीखाली आडवे झाले, टॉर्च धरला, आणि इंटरकूलरकडून वर येणाऱ्या होजच्या आतल्या वळणावर पाण्याचे बुडबुडे फुलून आले, साबणाच्या फेसाची एक वाटोळी गाठ. दाब कमी केला की गाठ बसायची, वाढवला की फुलायची. होज काढून हातात दिला. वरून धडधाकट दिसणारं रबर. अंगठ्यानं वळण उलट वाकवलं तेव्हा चीर उघडली, बोटाच्या पेराएवढी, कडा मऊ पडलेल्या. चिरेभोवती तेलकट काळी धूळ चिकटली होती. शेजारच्या लोखंडी ब्रॅकेटवर रबर घासून चकाकी आली होती. इंजिनाच्या वाफेतलं तेल आतून रबर मऊ करतं, ब्रॅकेट बाहेरून घासतं, आणि एक दिवस घाटात ते फाटतं. "ही धूळ बघा," अण्णा म्हणाले. "फट दिसायच्या आधी धूळ दिसते. नुसतं वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं."

सेन्सर कधीच दोषी नसतो असं मात्र समजू नये. अण्णांच्या वहीत तशीही पानं आहेत. ऊसतोडणीच्या हंगामात फडाच्या कडेनं रोज फिरणाऱ्या एका टर्बो पेट्रोल गाडीला स्वस्तातला फिल्टर बसवला होता, त्याची कड डब्यात नीट बसत नव्हती. बारीक पाचोळा आणि धूळ कडेनं शिरून पट्टीवर थर झाला होता. मळलेली पट्टी बहुतेक वेळा आयडलला हवा जास्त सांगते आणि जोरात असताना कमी. पेट्रोल गाडीत हे इंधनाच्या दुरुस्तीच्या टक्क्यांतून उघड होतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मागून हिशेब तपासत असतो, तो आयडलला इंधन कमी कर म्हणतो आणि ताणावर वाढव म्हणतो. दिशा बदलली की पट्टीचा संशय घ्यायचा. दुरुस्ती आयडललाच मोठी असेल आणि वेग वाढल्यावर विरत जात असेल, तर कुठे तरी हवा चोरून आत शिरते आहे, कारण इनटेकमधली ओढ आयडलला सर्वांत जास्त असते. त्या गाडीची पट्टी भाचीनं खास सेन्सरसाठी मिळणाऱ्या स्प्रेनं धुतली, हात न लावता, कापूस न लावता, आणि तासभर वाळू दिली. कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे वापरला तर ती पट्टी कायमची जाऊ शकते. तेल लावून वापरायचे धुण्याजोगे फिल्टर कुणी जास्त तेलानं माखले तर तेच तेल पट्टीवर येऊन बसतं.

रत्नागिरीहून आलेल्या एका गाडीत सेन्सर कोरा होता, कपलरच्या पिना खाऱ्या हवेनं हिरव्या पडल्या होत्या. आणखी एक गाडी सर्व्हिसिंगला जोराच्या पाण्यानं बोनेटखालून धुतल्यापासून बिघडली होती. उंदरांनी वायर कुरतडल्याची तर चार पानं आहेत. पाचही पिना तपासल्याशिवाय, बारा व्होल्ट आणि अर्थिंग पोचतंय का ते पाहिल्याशिवाय सेन्सरला हात लावायचा नाही, असा त्या गॅरेजचा नियम आहे. नव्या गाड्यांत काही सेन्सर व्होल्टऐवजी कंपनसंख्येत बोलतात, तिथे साध्या मल्टिमीटरचा आकडा फसवतो, म्हणून भाचीनं पैसे साठवून एक छोटा ऑसिलोस्कोप घेतला आहे. तो ती कापडात गुंडाळून ठेवते.

पश्चिम महाराष्ट्रात डिझेलचं काम जाणणाऱ्यांची एक जुनी पिढी आहे. नोझलला ते अजून 'मायको' म्हणतात, नाशिकच्या कारखान्याचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली तरी. त्यांनी धुराच्या रंगावरून, आवाजावरून, हाताला लागणाऱ्या थरथरीवरून दोष ओळखले. मग टर्बो आणि कॉमन रेल डिझेल घरोघरी आलं. रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेलं १२४८ घन सेंटिमीटरचं मल्टिजेट इंजिन तर किती तरी गाड्यांच्या बोनेटखाली बसलं. त्याबरोबर सेन्सर आले, कोड आले, आणि यातले पुष्कळ जण मागे पडले. त्यांच्या मुलांनी स्कॅनर घेतले, पण वडिलांचा कान घेतला नाही. अण्णांच्या गॅरेजात कान आणि आकडा एका छपराखाली आहेत, मामा शीळ ऐकतो आणि भाची तिचे ग्रॅम काढते. असं गॅरेज दुर्मीळ आहे, आणि ते दुर्मीळ राहावं अशी व्यवस्था आपण ग्राहकांनीच केली आहे.

कारण बिल. माझं बिल असं होतं: होज १८५०, क्लॅम्प दोन १६०, तपासणी १२००. अण्णा म्हणाले, लोक होजला काही बोलत नाहीत, तपासणीच्या ओळीवर बोट ठेवतात. "हे कशाचे? तुम्ही तर काहीच बदललं नाही." काही जण ती ओळ खोडून पैसे देतात. मग बहुतेक गॅरेजवाले काय करतात? तपासायला दोन तास घालवून फुकट जाण्यापेक्षा पार्ट बदलतात, पार्टात पैसे सुटतात, आणि ग्राहक हातात खोकं घेऊन समाधानानं जातो. मीही तशीच गेले होते. अकरा हजार मी एक शब्द न विचारता दिले होते आणि त्या दिवशी बाराशेची ओळ वाचून माझंही बोट क्षणभर तिथे थांबलं. त्याची मला लाज वाटते. त्या बाराशेत मिनिटाला ८७९ ग्रॅम शोधून काढणारं गणित होतं, घाटातली फेरी होती, गाडीखाली पाठीवर काढलेली वीस मिनिटं होती. वकिलाला सल्ल्याचे पैसे देताना आपण तो काय बदलून देणार असं विचारत नाही.

नवा होज बसवताना अण्णांनी ब्रॅकेट जरा वाकवून लांब केला आणि मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी बांधली. संध्याकाळी पुन्हा त्याच चढावर गेलो. खिडक्या उघड्या. शीळ नाही, धूर नाही. २८०० आरपीएमला दाब २.२, तापमान ५० अंश. भाचीनं मागच्या सीटवरच हिशेब केला, सिलिंडरमध्ये ७८३. सेन्सरचा आकडा ७९५.

मला तो आकडा ऐकून थांबावंसं वाटलं. सकाळी फाटक्या नळीनिशी सेन्सर ७९० सांगत होता, आता ७९५. नाक्यावरच्या नोंदीत पाच मिलिग्रॅमचा फरक. टर्बो सकाळीही जीव तोडून तेवढीच हवा ओढत होता आणि सेन्सर तेवढीच मोजत होता. सेन्सरनं पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगितलं होतं.

गॅरेजात परतलो तेव्हा दारात एक गृहस्थ उभे होते. हातात सेन्सरचं न उघडलेलं खोकं. कोड काढून आणलाय, पार्टही आणलाय, फक्त बसवून द्या म्हणत होते, घाईत होते. भाचीनं खोकं घेऊन टेबलावर ठेवलं, वहीचं नवं पान काढलं आणि वर तारीख घातली.

"काका, गाडी कुठे ताण घेत नाही?" तिनं विचारलं. "चढाला, की सपाटीलाही?"